आभाळात गेलेली पाटी

मित्रांनो, मी वेताची एक म्हातारी टोपली आहे. भाजीची नव्हे आणि फुलांचीही नव्हे. गरम हवेच्या प्रचंड फुग्याखाली जी टोपली लटकत असते, ती मी. आभाळात फुगा दिसला की सगळ्यांचे डोळे त्याच्या रंगीत पट्ट्यांवर खिळतात. खालच्या तपकिरी ठिपक्याकडे कोणी फारसं बघत नाही. पण माणसं उभी असतात ती त्या ठिपक्यात.

माझा जन्म तुर्भ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एपीएमसी मार्केट जवळच असल्यामुळे माझ्या आठवणीतला पहिला वास पिकलेल्या आंब्यांचा आहे. नामदेवकाका नावाचे कारागीर तिथे खुर्च्या, झोपाळे आणि फळांच्या करंड्या विणत असत. आसामातून आलेला वेत ते आधी पाण्यात भिजत घालायचे, कारण कोरडा वेत वाकवला की मोडतो. मग मऊ झालेला वेत उभ्या काड्यांमधून आतबाहेर ओवत ते मला वर वर चढवत गेले. माझ्या तळाखालून त्यांनी पोलादी तारा घेतल्या आणि त्यांची टोकं वर काढली. साऱ्यांचा भार त्या तारांनीच पेलायचा होता.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की विमानं धातूची होतात, मग टोपली अजून वेताची का? मलाही पडला होता. त्याचं उत्तर मला पहिल्या उतरणीत मिळालं. जमिनीला टेकताना धक्का बसतो. धातू तो धक्का जसाच्या तसा माणसांच्या गुडघ्यांना देऊन टाकतो. वेत मात्र करकरतो, दबतो आणि बराचसा धक्का स्वतःच गिळतो. एवढं करकरणं माझ्या वाट्याला का आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

मला ट्रकमध्ये घालून घाटाच्या वर, पवनेच्या खोऱ्याजवळच्या एका माळावर नेलं. तिथे एक कंपनी पर्यटकांना सूर्योदयाच्या वेळी फुग्यातून फिरवत असे. फुगा कापडाचा होता. आडवा पसरला की अर्धा माळ त्यानेच झाकला जायचा. आधी मोठ्या पंख्याने त्यात थंड हवा भरायची, मग बर्नरची ज्योत आत सोडायची. हवा तापली की पसरते, तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी होतं आणि बाहेरची जड थंड हवा तिला वर ढकलते. उड्डाणाआधी प्रवाशांना हे इतक्यांदा समजावलेलं मी ऐकलंय की मला ते पाठ झालंय. पण पाठ झालं म्हणून नवल संपलं नाही. नुसती हवा तापवायची, आणि पाचसहा माणसं, गॅसच्या टाक्या, मी स्वतः, आम्ही सगळे जमिनीवरून सुटतो!

उडायचं ते पहाटेच, कारण तेव्हा जमीन थंड असते आणि हवा निवांत. ऊन चढलं की कातळ लवकर तापतो, शेत उशिरा तापतं, आणि हवा जागोजागी उसळू लागते.

वर गेल्यावर माणसं आधी वारा शोधतात. केस उडतील, कान गार पडतील, असं त्यांना वाटलेलं असतं. तसं काहीच होत नाही. आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो, त्यामुळे वारा जाणवतच नाही. वर मेणबत्ती लावली तर तिची ज्योतसुद्धा सरळ उभी राहील. बर्नर बंद असला की खालच्या गावातला कोंबडा ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते. जमीन हळूहळू खालून सरकत जाते. बडबडी माणसंसुद्धा अशा वेळी गप्प होतात. पुढे मी शेकडो वेळा वर गेले, पण ती शांतता मला एकदाही जुनी वाटली नाही.

आता मनस्वीबद्दल सांगते. ती बेलापूरच्या खाडीकाठची, दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली मुलगी. भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली आणि माळावर मदतनीस म्हणून आली. फुगा घड्या घालून पिशवीत कोंबण्यापासून तिने सुरुवात केली. मग शिकली, परीक्षा दिल्या आणि परवाना मिळवला. माझ्यात उभ्या राहिलेल्या सगळ्या पायलटांमध्ये, निघण्याआधी माझ्या तळाखालच्या तारा हात घालून तपासणारी ती एकटीच होती.

तिचे वडील हरेश हे तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. ओहोटीला काठावर गुडघाभर गाळ असतो. होडी काठाला लागली की कोणीतरी दोर घेऊन पहिली उडी मारायची आणि होडी धरून ठेवायची, मग बाकीच्यांनी उतरायचं. हे काम खरं तर खलाशाचं, पण तांडेल झाल्यावरही हरेश ते दुसऱ्याला करू देत नसत. माणसं उतरायच्या आधी होडी आपल्या हातात हवी, असं त्यांचं होतं. त्यांच्याकडे आणखी एक रीत होती. पाण्यात असताना तांडेलाचा शब्द शेवटचा. मुलगा तांडेल आणि बाप खलाशी असला, तरी बापाने ऐकायचं. हे सगळं मनस्वीने मला सांगितलं नाही, माणसं टोपलीला कुठे काय सांगतात! ती सहकाऱ्यांना सांगत असे आणि मी ऐकत असे.

हरेशना तिचं हे काम पसंत नव्हतं. त्यांनी सीबीडी बेलापूरच्या एका ऑफिसात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. एका संध्याकाळी ती माझ्या काठावर बसून फोनवर बोलत होती. स्पीकर चालू होता.

“एसीत बसशील, सांजच्याला घरी येशील,” हरेश म्हणत होते. “वाऱ्याच्या जिवावर पोट भरायचं, यो आपल्या घरात माज्यापाशी संपू दे. माजा भाऊस दर्यात गेला तवा पन वारा चांगलाच होता.”

मनस्वीने फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, “बाबा, एकदा माझ्या टोपलीत बसा. खाली उतरल्यावर तुम्ही सांगाल ते मी ऐकेन.”

“नोकरी घे सांगितलं तं?”

“तर घेईन.”

मित्रांनो, तो शब्द ऐकून माझा वेत आखडला. ती दिलेला शब्द मोडणाऱ्यातली नव्हती.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते आले. बरोबर हरेशची आई, भागीरथी. मनस्वी तिला बय म्हणते. मनस्वीची आई आली नाही. रविवारी बाजारातली जागा सोडली तर ती दुसरी कोणी घेईल, असा निरोप होता. नेरूळचं एक जोडपंही त्याच उड्डाणाला होतं, अभिराम आणि श्रुती. दोघं सुट्टी काढून फिरायला निघाले होते.

माळावर दव पडलं होतं. मनस्वीने सगळ्यांना गोल उभं केलं आणि नियम सांगितले. उतरताना गुडघे वाकवायचे, टोपलीच्या आत लावलेल्या मुठी घट्ट धरायच्या. “आणि सगळ्यात महत्त्वाचं. टोपली जमिनीला टेकली तरी मी सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडायचं नाही. आपण सगळे मिळून या फुग्याचं वजन आहोत. एक जण उतरला की बाकीचे वर जातात.”

हरेशनी मान हलवली. पण ते ऐकत असताना त्यांचे डोळे माझ्या बाजूला टांगलेल्या दोराकडे होते. दोराची गुंडाळी त्यांना आवडली नसावी. त्यांनी ती सोडली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा नीट घातली.

भागीरथीने लुगड्याचा काष्टा खोचला, माझ्या अंगातल्या खाचांमध्ये पाय रोवले आणि सगळ्यांच्या आधी आत आली. “सारा जन्म पाटी मी डोक्यावर घेतली,” ती म्हणाली. “आज पाटीनं मना घेतला.”

कोळणी मासळी विकायला नेतात त्या टोपलीला पाटी म्हणतात. मला आजवर कोणी बास्केट म्हणत, कोणी गोंडोला म्हणत. पाटी म्हणून मला घरात घेतलं ते तिनेच.

बर्नर गरजला. अभिराम म्हणाला, “निघालो की कळेल ना?” तेव्हा आम्ही झाडांच्या वर होतो.

पूर्वेला डोंगरांची काळी कड होती आणि तिच्यामागे आभाळ केशरी होत चाललं होतं. खाली दरीत धुकं साचलं होतं, त्यातून टेकड्यांचे माथे तेवढे वर आलेले. जितकं उंच जावं तितका सूर्य लवकर दिसतो, कारण क्षितिज खाली जातं. त्यामुळे खालची गावं अजून सावलीत असताना आमच्या फुग्याच्या कळसाला ऊन लागलं. मग ते पट्ट्यापट्ट्याने खाली उतरत आलं, मनस्वीच्या केसांवर, भागीरथीच्या कपाळावर आणि शेवटी माझ्या काठावर. म्हातारीने हात जोडले. श्रुतीने फोन वर केला आणि फोटो न काढताच खाली घेतला.

थोड्या वेळाने अभिरामला वाचा फुटली. “मॅडम, जरा डावीकडे घ्या ना. किल्ला फ्रेममध्ये येईल.”

“डावीकडे घेता येत नाही, सर. वर आणि खाली, एवढंच माझ्या हातात आहे.”

हरेशनी झटकन वळून बघितलं. “सुकानू नाय याला?”

“नाही, बाबा.”

“मंग जातंस कुठं?”

“वारा नेईल तिथे. पण सगळीकडे वारा एकच नसतो. थांबा, दाखवते.” तिने फुगा थोडा थंड होऊ दिला. आम्ही हळूच खाली आलो, आणि समोरची टेकडी, जी इतका वेळ उजवीकडे जात होती, ती डावीकडे सरकू लागली. “इथला वारा वेगळा. मला कुठे जायचंय ते बघून मी उंची निवडते.”

हरेश काठ धरून खाली बघत राहिले. “खाडीत पन असाच,” शेवटी ते म्हणाले. “वरचं पानी एकीकडं, खालचं एकीकडं.”

“मग झालं तर,” भागीरथी म्हणाली. “त्वांड कशाला उतरलंय तुजा?”

“सुकानू नाय, आये. माजी पोर सुकानू नाय अशा होडीत रोज चढतं.”

त्यांचे हात माझ्या काठावर होते, म्हणून ते किती घट्ट होते ते मला माहीत आहे. त्या हातांवरून त्यांचं उत्तर काय असणार हेही मला कळलं. नोकरी.

उतरायची जागा एका डोंगराच्या पायथ्याशी होती. भात कापून झालेली खाचरं होती, आणि त्या डोंगराआड असल्यामुळे अजून सावलीत. मागून जीप घेऊन येणाऱ्या प्रसादशी मनस्वी वायरलेसवर बोलली. सगळ्यांनी गुडघे वाकवले. मी एकदा टेकले, जराशी उचलले गेले, पुन्हा टेकले आणि करकरत स्थिर झाले. इतकी मऊ उतरण मला क्वचितच लाभली होती. फुगा अजून डोक्यावर भरलेला, उभा. मनस्वीचा हात हवा सोडायच्या लाल दोरीकडे गेला. “कोणी हलू नका,” ती म्हणाली.

तेवढ्यात हरेशनी बाजूचा दोर उचलला, काठावरून पाय टाकला आणि बाहेर उडी मारली.

त्यांनी नियम मुद्दाम मोडला नाही, मित्रांनो. तळ जमिनीला लागल्याचा आवाज त्यांच्या कानांनी ऐकला आणि आयुष्यभराच्या सवयीने पाय हलले. आत त्यांची आई होती. आई उतरायच्या आधी होडी धरायची होती. टाचा ढेकळांत रोवून, दोर मनगटाला वेढून ते म्हणाले, “ये आये, धरलीय मी.”

मनस्वीच्या आधी मला कळलं, कारण वजन मलाच कळतं. एका धिप्पाड माणसाचा भार गेला आणि माझा तळ जमिनीवरून सुटला. दोर ताठ झाला. हरेशनी तो आणखी आवळला. होडी ओढू लागली की तांडेल हेच करतो. पण होडी आडवी ओढते, आणि मी वर चालले होते. त्यांच्या टाचा सुटल्या. मग पायांची बोटंही सुटली. ते जमिनीपासून हातभर वर लोंबकळत होते आणि तरी म्हणत होते, “धरलीय, धरलीय.”

“बाबा, दोर सोडा.”

त्यांनी सोडला नाही.

मनस्वी काठावरून वाकली. तिचा आवाज बदलला होता, ती मोठ्याने ओरडलीही नाही. दिवाळ्याच्या पाण्यावर लहानपणी जे तिने शंभरदा ऐकलं असेल, ते ती म्हणाली. “तांडेल सांगतोय. दोर सोड.”

मनगटाचा वेढा सुटला. हरेश खाचरात बसकन मारून पडले, आणि त्यांचा उरलेला भारही गेल्यामुळे मी सरसर वर निघाले.

“खाली घ्या ना, मॅडम,” अभिराम म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खाचराच्या टोकाला विजेच्या तारा होत्या आणि वारा आम्हाला तिकडेच नेत होता. हवा सोडून टेकायचं, तर ते नेमकं तारांमध्ये झालं असतं. मनस्वीने लाल दोरीवरचा हात काढला आणि बर्नर पूर्ण उघडला. जमिनीची ओढ सगळ्यांनाच असते. त्या क्षणी वर जाण्याचा निर्णय घेणं किती अवघड होतं, ते मला तिच्या पायांवरून कळत होतं. ते माझ्या तळाशी घट्ट रोवलेले होते, आणि वर हात बर्नरवरून हलला नाही.

तारा आमच्या खालून गेल्या. आणि मग असं काही झालं, जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही डोंगराच्या सावलीत होतो. वर जाता जाता डोंगराची कड खाली सरकू लागली, तिच्यावर आधी एक सोनेरी रेघ उमटली, रेघेचा ठिपका झाला, आणि सूर्य पुन्हा उगवला. त्याच सकाळी, दुसऱ्यांदा. फुग्याच्या कळसावरून ऊन पुन्हा पट्ट्यापट्ट्याने उतरत आलं. आत्ताच मरणाच्या तारा ओलांडून आलेली ती चार माणसं तोंड वर करून नुसती बघत होती.

भागीरथीने पुन्हा हात जोडले. “दोनदा आला,” ती म्हणाली. “एकाच दिवशी दोनदा.”

खाली, सावलीत, हरेश उठून उभे राहिले होते. तेवढ्या उंचीवरून ते एखाद्या लहान मुलासारखे दिसत होते. ते आमच्या दिशेने धावू लागले.

पलीकडच्या माळावर मनस्वीने मला उतरवलं. या वेळी तिने लाल दोरी पूर्ण ओढली, फुगा आडवा झाला, आणि मग एकेकाला नाव घेऊन बाहेर बोलावलं. प्रसादची जीप आली. तिच्यातून हरेश उतरले, कोपरापर्यंत मातीने माखलेले. त्यांनी आधी आईला हात लावून बघितलं. मग मनस्वीपुढे येऊन उभे राहिले. तिच्याकडे बघायचं त्यांना जमेना, ते माझ्याकडे बघत होते.

भागीरथी माझ्या काठाला टेकून बसली होती. “सांग आता काय सांगायचाय तो,” ती म्हणाली. “खाली उतरल्यावर सांगनार होतास ना? उतरलास तं सगल्यांच्या आधी.”

अभिरामला हसू आलं, श्रुतीने त्याला कोपर मारलं.

“मना उतरायचा कलत नाय, आये,” हरेश म्हणाले. “मी काय सांगू?” मग ते मनस्वीला म्हणाले, “माज्या होडीवर कोनी हुकूम नसताना अशी उडी मारली असती, तं मी त्याला परत होडीवर घेतला नसता.”

“माहीत आहे.”

“एक तारखेच्या आधी त्या ऑफिसात मीच सांगून येतो. पोर येनार नाय म्हनून.” मनगटावर दोराचा लाल वळ उठला होता, तो ते चोळत राहिले. “मना परत घेशील?”

सुटलेला दोर मनस्वी गुंडाळत होती, त्यांच्या पद्धतीने. “आधी नियम पाठ करा,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी तोंडी परीक्षा घेईन.”

त्यानंतर हरेश माझ्यातून तीन वेळा वर गेले. टेकताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि मनस्वीने नाव घेतल्यावर सगळ्यांच्या शेवटी उतरत.

पुढे माझी वर्षं सरली. उन्हाने माझा वेत ठिसूळ झाला, दव आणि चिखल मुरून खालच्या काड्या कुजल्या. तपासणीत मला उड्डाणासाठी अयोग्य ठरवलं. ते बरोबरच होतं, मीही तेच म्हटलं असतं. नवी टोपली आली आणि मी तुर्भ्याला एका गोदामात गेले. तिथे माझ्यात कांद्याची रिकामी पोती आणि तुटक्या खुर्च्या टाकत. उंदरांनी तळाशी घर केलं. ज्या अंगावर दोनदा सूर्य उगवला, त्या अंगावर महिनोन् महिने उजेड पडला नाही. तक्रार नाही करत मी. फक्त एवढंच वाटायचं, एखाद्याने निदान पोती तरी काढावीत.

ती मनस्वीने काढली. तिने मला धुतलं, उन्हात वाळवलं, तेल लावलं आणि बेलापूरच्या तुमच्या या शाळेत, विज्ञान खोलीच्या बाहेर आणून ठेवलं. त्याला आता एक वर्ष झालं.

मित्रांनो, तुम्ही माझ्यात चढता, तोंडाने बर्नरचा आवाज काढता, ते मला फार आवडतं. माझ्या दोन मागण्या आहेत. माझ्या विणीतून बाहेर आलेलं टोक दिसलं तर ते ओढू नका. एक काडी सुटली की शेजारची सैल होते आणि मग सगळी वीण उसवत जाते. ओलं फडकं घेऊन ते टोक आत दाबा, मी धरून ठेवेन.

दुसरी मागणी मधल्या सुट्टीच्या घंटेची. घंटा झाली की तुम्ही चौघंपाचजण काठावरून एकदम उड्या मारता आणि पळता. माझ्या डोक्यावर आता फुगा नाही, मी कुठेही जाणार नाही, हे मला समजतं. तरी तुमचा भार जातो त्या क्षणी माझा तळ अजून दचकतो. आणि आत, काठाला हात पुरत नाही म्हणून, तुमच्यातली सगळ्यात बुटकी मुलगी एकटी उभी असते. आधी तिला खाली घ्या. मग तुम्ही उतरा.